संताचं बोट

आमच्या घरमालकिणीच्या, आंजेलिन मावशीच्या घरात एका संताचं बोट होतं, आणि त्या बोटामुळे मी जिवंत आहे, असं मला कळायला लागल्यापासून ऐकवलं जात होतं. मी वर्षाचीही नव्हते तेव्हा मला घटसर्प झाला. घसा सुजला, रडण्याचा आवाजही फुटेना. तेव्हा आंजेलिन मावशीने चांदीच्या डबीतून ते बोट काढलं, वाटीभर पाण्यात बुडवलं आणि ते पाणी कापसाच्या बोळ्याने माझ्या ओठांवर सोडलं. सकाळी मी दूध प्यायले. आई ही गोष्ट हातवारे करून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती, हे सगळ्यात शेवटी आणि घाईघाईने. "औषधा काय, सगळ्यांकाच देतत," ती म्हणायची. "ह्या चेडवाक त्या बोटान जगवल्यान." ते चेडू, ती पोर म्हणजे मी, पुढ्यातच उभी असायचे, आणि पाहुणे माझ्याकडे असे बघायचे की माझ्या अंगावर कुणाची तरी मालकी लिहिलेली आहे असं मला वाटायचं.

साकीनाक्याच्या मागच्या अंगाला ते गावठण होतं. पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची कौलारू घरं, मधून गेलेली गल्ली, गल्लीच्या तोंडाशी चौथऱ्यावर उभा केलेला दगडी क्रूस. मावशीच्या घराचा माळा आम्ही भाड्याने घेतला होता. गिरणी बंद पडल्यावर बाबा नाक्यावरच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले होते, पत्र्याची झाकणं कापायचं काम. तसलाच एक गाळा आमच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून होता. सकाळी त्याचं यंत्र सुरू झालं की धप्प, धप्प असा ठोका दिवसभर घरात शिरायचा. मांडणीवरची भांडी थरथरायची, पाण्याच्या पिंपात वर्तुळं उठायची. वरून विमानं इतक्या खालून जायची की बोलणं मध्येच थांबवून, विमान गेल्यावर पुढचा शब्द उच्चारायची सगळ्यांना सवय होती. आजही मी बोलताना मध्येच थांबते. मुलगा म्हणतो, आई, वाक्य तरी पूर्ण कर.

खाली मावशी एकटी राहायची. नवरा जहाजावर होता, तो कधीच परत आला नव्हता. गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं लाल चौकडीचं लुगडं, कानात जड सोनं, आणि अंगाला कायम भाजलेल्या मिरचीचा वास. उन्हाळ्यात तिच्या अंगणात बाटली मसाला कुटायला बायका यायच्या. लाकडी उखळीत मुसळं पडायची, सगळी गल्ली शिंकायची आणि मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरला जायचा. सणाला ती मैद्याचे गोडसर फुगे तळून वर पाठवायची, आई तिला घावणे आणि तिरफळं घातलेला बांगडा खाली पाठवायची. दोघींचं फार बोलणं नसायचं, पण ताटं सारखी जिन्यावरून वर-खाली होत असायची.

माझ्यावर तिचा जीव होता. तो कसा होता हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. ती मला समोर बसवून तेल लावायची, वेणी घालायची, आणि मग माझा हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बोट चाचपायची. प्रत्येक पेर, प्रत्येक सांधा. डोळे मिटलेले असायचे. "वाढली, बाय, वाढली तुजी बोटं," ती स्वतःशीच म्हणायची. लहानपणी मला गुदगुल्या व्हायच्या. मोठी झाल्यावर त्या वेळी अंगावर काटा यायचा, पण हात काढून घ्यायची हिंमत मला झाली नाही.

पुढच्या खोलीत भिंतीलगत आल्तार होता. मेणबत्त्या, कागदी फुलं, मारियाची मूर्ती, आणि तिच्या पायाशी काचेच्या कपाटात ती डबी. लाल रेशमावर पिवळसर, दाण्याच्या शेंगेएवढंही नसलेलं ते हाड. कुठल्या संताचं, यावर गावठणात दोन मतं होती. एक पाद्री मरताना ते मावशीच्या सासऱ्यांच्या आजोबांना देऊन गेला, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. शुक्रवारी लोक यायचे. ख्रिस्ती यायचे, आमच्यासारखे कोकणातले यायचे, नाक्यावरच्या गाळ्यांत काम करणारे मुसलमान कारागीरही आजारी पोरांना खांद्यावर घेऊन यायचे. मावशी बोट पाण्यात बुडवायची, पाणी द्यायची, कुणाकडून काही घ्यायची नाही. पाणी देताना ती घेणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी गल्लीतल्या पास्कल अंकलची बायको गेली. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण तिने केलं नाही. ती शुक्रवारमागून शुक्रवार आल्तारापुढे येऊन बसली, पाणी प्यायली आणि झिजत झिजत संपली. अंत्यविधीनंतर पास्कल अंकल क्रूसाच्या चौथऱ्यावर येऊन बसायला लागले. सुतारकाम करणारा मोठ्या हाडाचा माणूस, पण काम सोडून दिलेलं. दुपारी जेवून यायचे आणि आमच्या घराकडे तोंड करून बसायचे. बोलायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत. नुसते बघायचे. मावशीने त्या बाजूची खिडकी लावून घेतली. माझ्या आईलासुद्धा खाली नळावर जाताना पदर डोक्यावरून घ्यावासा वाटायचा. "त्याच्या नजरेत काय तरी हा," ती म्हणायची. "ह्या घरावर येतला काय तरी."

त्याच सुमारास देवळात नवे फादर आले. तरुण, मंगळूरकडचे, मराठी पुस्तकी आणि सावकाश. देवळाची डागडुजी चालली होती. नव्या वेदीत हे बोट बसवावं, असं गावातल्या जाणत्यांनी सुचवलं. फादर एका संध्याकाळी मावशीकडे आले, मी जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करत होते.

"याचा काही कागद आहे का? शिक्का वगैरे?" त्यांनी विचारलं.

"कागद नाय, फादर. जुन्या लोकांनी दिलं, आमी सांभाळलं."

"मग वेदीत ठेवता येणार नाही. कुणातरी जाणकाराला दाखवावं लागेल."

"मग नको ठेवू," मावशी लगेच म्हणाली. "हितंच राहू दे."

फादर कदाचित तेवढ्यावर गेलेही असते. पण दारात पास्कल अंकल येऊन उभे होते. आम्हाला कुणालाच चाहूल लागली नव्हती.

"खरं हाय ना, आंजेलिन?" ते म्हणाले. "मग भितेस कशाला? दाखव ना."

मागच्या गाळ्यातलं यंत्र नेमकं तेव्हा बंद झालं होतं. फादर एकदा मावशीकडे, एकदा अंकलकडे बघत राहिले. अखेर ती म्हणाली, "बरं. दाखवते."

त्यानंतर तिने पाणी देणं बंद केलं. शुक्रवारी लोक आले आणि दार लावलेलं पाहून परत गेले. एक कारागीर तापाने फणफणलेली मुलगी घेऊन आला आणि दार वाजवत राहिला. मावशी बाहेर आली ती ओरडतच. "हॉस्पिटलात ने तिला! आत्ताच्या आत्ता ने! हितं काय नाय, ऐकलंस? हितं काय पन नाय!" तो घाबरून मुलीला घेऊन पळाला. आई माळ्याच्या खिडकीतून बघत होती. तिचा चेहरा उतरला. बोट ज्याच्या ताब्यात, तेच माणूस लोकांना हाकलायला लागलं, याचा अर्थ तिला लावता येईना. "कोपला की काय तो संत?" तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "आपला काय हा त्यात? गप ऱ्हव." पण त्या दिवसापासून आई माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली. सकाळी, संध्याकाळी, मी जेवताना. मला साधा ठसका लागला तरी तिच्या हातातलं भांडं खाली यायचं.

ज्यांना दाखवायचं त्या एक डॉक्टरबाई होत्या. वैद्यकीय कॉलेजात आयुष्यभर शरीररचना शिकवून निवृत्त झालेल्या, घाटकोपरला राहणाऱ्या. फादर स्कूटरवरून पुढे गेले, मावशी आणि मी रिक्षाने. आईनेच मला बरोबर धाडलं होतं. "जा गो वैजू, साक्षीक. तुका जिती बघल्यावर ती डॉक्टरीण काय बोलतली?" मावशीने डबी रुमालात बांधून छातीशी धरली होती. असल्फ्याच्या टेकडीजवळ रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा तिने तोंडातून असा आवाज काढला, जणू झोपेतल्या मुलाचं डोकं कुठेतरी आपटलं असावं. आता त्या रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते. मी मेट्रोने जाते तेव्हा त्या टेकडीपाशी खाली बघत नाही.

डॉक्टरबाईंचं घर स्वच्छ होतं, टीपॉयवर क्रोशाचा रुमाल, भिंतीवर गणपती. त्यांनी आम्हाला सरबत दिलं, चष्मा बदलला, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि मावशीकडे हात केला. मावशीला डबी सोडवेना. फादरांनी हलकेच तिच्या हातातून घेतली.

बाईंनी हाड चिमट्याने उचललं, फिरवलं, खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं. बराच वेळ. मग आमच्याकडे न बघता शिकवण्याच्या स्वरात बोलल्या, "बोटाचंच आहे. पण मोठ्या माणसाचं नाही. लहान मुलांच्या हाडांची टोकं सुटी असतात, वाढ पुरी झाली की जुळतात. हे जुळलेलं नाही. सात-आठ वर्षांचं मूल असेल."

"काही संत लहान वयात गेलेले आहेत," फादर म्हणाले. त्यांना ते खरं असायला हवं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"असतील ना. ते तुमचं क्षेत्र. पण हे बघा." त्यांनी हाडाच्या टोकाशी चिमटा नेला आणि काहीतरी सोडवून कागदावर ठेवलं. केसासारखा पांढरा, जरा कुरळा धागा. "लेसचा तुकडा आहे. नायलॉनची लेस. शेकडो वर्षांपूर्वी नायलॉन कुठून येणार, फादर? हे मूल आपल्या काळात गेलेलं आहे. हातात मोजे घालून पुरलेलं."

विमान गेलं. सगळे थांबले होते. मग मी मावशीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ती त्या धाग्याकडे बघत होती, आणि तिचा हात टेबलावरून पुढे सरकत होता.

"तो धागा पन द्या, बाई," ती म्हणाली. "टाकू नका."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्यांना कळलं असावं. त्यांनी हाड आणि धागा दोन्ही रेशमात ठेवलं, डबी बंद केली आणि मावशीच्या ओंजळीत दिली. देताना त्यांची बोटं क्षणभर तिच्या हातावर राहिली.

खाली आल्यावर फादर म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं." मावशी म्हणाली, "मला घरी जाऊ द्या, फादर." ते स्कूटरशी उभे राहिले. "रविवारी मला बोलावं लागेल. मी खोटं सांगू शकत नाही. कुणाचं आहे ते मी विचारत नाही." मावशी रिक्षात बसली. तिने मान हलवली की रिक्षा हलली म्हणून मान हलली, ते कळलं नाही.

तिच्या पुढच्या खोलीत एक फोटो होता. पांढऱ्या झग्यातली, हातात पांढरे मोजे आणि मेणबत्ती घेतलेली, गंभीर चेहऱ्याची मुलगी. सात-आठ वर्षांच्या मुलांना देवळात पहिल्यांदा प्रसाद मिळतो, त्या पहिल्या कम्युनियनचा फोटो. मी तो जन्मापासून पाहत आले होते आणि कुणा भाचीबिचीचा असेल असं धरून चालले होते. रिक्षात मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, रस्त्याकडे बघत, कुणा तिसऱ्याच बाईची हकिकत सांगावी तसं.

"रोझी माजी. ताप आला तवा मी डॉक्टरकडं नेली नाय. घरात संताचं बोट असताना डॉक्टर कशाला? दिवसभर पानी पाजलं. ती सांगत होती, ममा, नको आता पानी. गेली. मग मी ते बोट उचललं आन विहिरीत फेकून दिलं. खरं संताचं होतं का खोटं, देव जाने. त्या आठवड्यातच लोक दारात. मी रिकामी डबी बंद करून दाखवायची, नवस हाय, उघडायची नाय, असं सांगायची. पुढं काय वर्षांनी थडगं उघडलं. आमच्यात उघडतात, जागा दुसऱ्याला लागते. हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. माज्या हातात दिली ठेवायला. सगळी ठेवली. एक ठेववलं नाय."

"आणि लोकांना पाणी?" मी विचारलं.

"लोक मागत होते, बाय. माज्यापाशी तेवढंच होतं."

साकीनाका आला तेव्हा ती म्हणाली, "पास्कलच्या बायकोला मी बोलले होते, ऑपरेशन कर. दहांदा बोलले. का बोलते, ते नाय सांगितलं. ते सांगितलं असतं तर ती गेली असती हॉस्पिटलात."

घरी आईने विचारलं. मी सांगितलं, डॉक्टरबाईंना काही नक्की सांगता आलं नाही. खाली मावशीने दिवा लावला नाही. आईने ताट पाठवलं, ते झाकलेलं तसंच परत आलं.

रविवारी देवळातली प्रार्थना, मिस्सा, सुटल्यावर गल्लीत नेहमी कालवा असायचा. पोरं पळायची, बायका ओट्याओट्यावर थांबायच्या. त्या रविवारी पावलं ऐकू आली, बोलणं नाही. इतकी माणसं एकदम चालताहेत आणि कुणीच बोलत नाही, हे ऐकून आई स्टोव्ह बंद करून खिडकीशी आली. लोक आपापल्या घरी गेले नाहीत. आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. कपडे देवळाचे, इस्त्रीचे. कुणीतरी कुजबुजलं, "मढ्याचं पाणी पाजलं आपल्याला." तो शब्द मागेपर्यंत फिरला. एका बाईने अंगणातच ओकारी काढली. मग ते बाजूला झाले आणि मधून पास्कल अंकल पुढे आले.

मी जिना उतरून धावले. मागून आई ओरडत होती, "वैजू, वर ये! वर ये आधी!" मी पुढच्या खोलीत पोचले तेव्हा आल्तारासमोर काचा पडलेल्या होत्या. पास्कल अंकलच्या मुठीतून रक्त येत होतं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कपाट रिकामं होतं. मावशी भिंतीला पाठ लावून उभी, उजवी मूठ घट्ट छातीशी.

"तुला ठाव होतं?" ते विचारत होते. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "एवढंच सांग. माजी बायको हितं बसायची, तवा तुला ठाव होतं?"

"होतं," मावशी म्हणाली.

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिची मूठ उघडायला लागले. एकेक बोट. ती ओरडली नाही, उघडलेलं बोट पुन्हा मिटत राहिली. दारात फादर गर्दीत अडकलेले, ते "पास्कल, पास्कल" म्हणत होते. मागे अंगणभर माणसं उभी होती आणि एकही पुढे येत नव्हतं. मी मध्ये शिरले. त्या मोठ्या हातांवर माझे हात ठेवले. माझ्या बोटांना त्यांचं रक्त लागलं.

"अंकल, ते तिच्या रोझीचं बोट आहे," मी म्हणाले. "तिच्या पोरीचं. सोडा."

त्यांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. रोझीला त्यांनी पाहिलेलं होतं. तिची शवपेटी त्यांनीच केली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी मनगट सोडलं. ते तिथेच, काचांमध्ये, खाली बसले, आणि आपले रक्ताळलेले तळवे उलटसुलट करून बघत राहिले. अंगणातली माणसं एकेक करून निघून गेली. पुन्हा तशीच, न बोलता.

आई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझा दंड धरला, मला वर नेलं, मोरीत बसवून डोक्यावरून पाणी घातलं आणि साबणाने माझे ओठ घासले. सोळा-सतरा वर्षांपूर्वी तिथे लागलेलं पाणी ती आता धूत होती. "मेलेल्या पोराचा पाणी," ती म्हणत होती. "माझ्या चेडवाच्या तोंडात. म्हणान ती तुझी बोटा धरून बसा होती. ती तुझ्यात तिका बघी होती, कळला? तिचा काय तरी तुझ्यात ऱ्हवला हा." मी म्हटलं, आई, संत म्हणजेही मेलेलाच माणूस ना? त्याच्या हाडाचं पाणी चालत होतं की. तिने माझ्या दंडाला काळा दोरा बांधला, घरच्या देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि मला मावशीच्या दारात जायला बंदी केली.

त्यानंतरचे महिने मी विसरू शकत नाही. खालून कसलाच वास यायचा नाही, मिरचीचा नाही, तळणाचा नाही. कुणी तिच्या दारावरून जायचं नाही. रात्र होण्याआधीच तिचं दार लागायचं. फादरांनी तिला कोनाडा उघडून दिला. ती आणि ते दोघंच गेले आणि तिने ते बोट आणि लेसचा धागा बाकीच्या हाडांत ठेवला. हे फादरांनीच नंतर मला रस्त्यात थांबवून सांगितलं. पास्कल अंकल बोरिवलीला लेकीकडे निघून गेले. चौथरा रिकामा झाला, तरी तिथून जाताना लोक पावलं उचलायचे. आईने माझं कपाळ चाचपणं सोडलं नाही. कधीकधी दुपारी जाग यायची तर ती माझ्या उशाशी बसलेली असायची, माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत. एकदा मी झोपेत "ममा" म्हणाले, असं ती म्हणते. मी म्हणाले नसेन. पण त्या दिवसांत मी स्वतःच्या हातांकडे बघायला घाबरायचे, हे खरं आहे.

मग पितृपक्ष आला. सर्वपित्रीला आई पहाटेपासून रांधत होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भाजी. बाबांचे आईवडील, तिचे आईवडील, लहानपणी गेलेला भाऊ, प्रत्येकाचं पान मांडलं गेलं. मी केळीच्या पानांचे तुकडे पुसून देत होते. पानं संपली आणि आई तशीच ओणवी बसून राहिली. मला वाटलं, कंबर धरली.

"आणखी एक पान घे," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"त्या चेडवाचा." तिने वर पाहिलं नाही. "कोण नाय तिका वाढणारा. त्यांच्यात वाढनत नाय. इतकी वर्सा लोकांका पाणी पाजीत ऱ्हवला, आणि स्वतः उपाशी. उपाशी ऱ्हवला म्हणान भोवता."

भीतीनेच म्हणत होती ती, हे मला कळत होतं. दृष्ट काढावी तसं तिला ते पान वाढून मोकळं व्हायचं होतं. तिने वडा उचलला, पानावर ठेवला, पुन्हा उचलला. हात तसाच थांबला.

"वैजू," ती म्हणाली, "पोरग्या ता. वडे-सांबारा काय खातला? खाली जा. तिका काय आवडायचा, ता इचारून ये."

मी किती महिन्यांनी तिच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. आल्ताराचं कपाट बिनकाचेचं, मावशी खुर्चीवर, हात मांडीवर रिकामे. मी उंबऱ्यात उभी राहून आईचा निरोप सांगितला. तिला वाटलं, तिने चुकीचं ऐकलं. मी पुन्हा सांगितलं. आयुष्यात तो प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. लोकांनी तिच्याकडे मागितलं होतं, तिला जाब विचारला होता, पण रोझीला काय आवडायचं, हे कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं.

"ती जेवायचीच नाय नीट," ती अखेर म्हणाली. "भाताची खरवड खायची. खाली लागलेली, करपलेली. गूळ लावून. मी ओरडायची, काळी होशील म्हणून." तिने डोळे पुसले नाहीत. "तेवढीच खायची."

मी वर येऊन आईला सांगितलं. माझ्या आईने आयुष्यात कधी भात लागू दिला नव्हता, त्याचा तिला अभिमान होता. तिने पातेल्यात मूठभर तांदूळ नव्याने चढवला, पाणी आटल्यावर स्टोव्हची ज्योत मोठी केली, आणि गुळाचा खडा हातात धरून, करपल्याचा वास जिन्यावरून खाली जाईपर्यंत, तिथेच बसून राहिली.